अर्काच्या डब्याकडून भरडलेल्या माल्टकडे : घरगुती बिअरची पार्श्वभूमी

घरी बिअर करायला शिकणारा माणूस आज बहुधा माल्ट अर्काच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून कारखान्यात काढलेल्या घट्ट पाकाच्या, डब्यापासून सुरुवात करतो आणि हात बसला की भरडलेल्या माल्टकडे, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीकडे वळतो. हा क्रम आता इतका रुळला आहे की सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ती स्वाभाविक वाट वाटते. प्रत्यक्षात ती वाट करांनी आणि दारूबंदीने आखून दिली.

इंग्लंडच्या शेतघरांत अठराव्या शतकातही बिअर होत असे ती थेट माल्टपासून. तिथे १६९७ पासून कर माल्टवर होता. तो माल्टच्या किमतीतच वसूल होत असल्यामुळे पुढे चुलीवर काय शिजते याची सरकारला फारशी फिकीर नव्हती. १८८० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून तो तयार बिअरवर बसवला आणि त्याच फटक्यात घरातले पातेलेही करखात्याच्या कक्षेत आले. घरी बिअर करायची तर परवाना घेणे बंधनकारक झाले. शहरीकरणामुळे आणि मोठ्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यांच्या, वाढीमुळे ही कला आधीच मागे पडू लागली होती, परवान्याने तिची उरलीसुरली मुळेही सैल केली. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये ही अट काढली, तोपर्यंत घराघरांतून शिकवणारी माणसे जवळपास संपली होती.

अमेरिकेत तुटलेपणा अधिक एकाएकी आला. जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी लागू झाल्यावर पॅब्स्ट आणि अनहॉयझर-बुश यांसारख्या ब्रुअरींनी माल्टचा घट्ट पाक डब्यांत भरून पावभट्टीसाठीचा जिन्नस म्हणून विकायला सुरुवात केली. यातल्या काही डब्यांत हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले, घातलेली असत, आणि पावात कडू हॉप्सचे काहीच काम नसते, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते. डबा, तेवढीच साखर, नळाचे पाणी आणि पावाचे यीस्ट एवढ्यावर बिअर होई. ती पातळ आणि आंबूस लागे, आणि आंबणे पुरे होण्याआधीच भरलेल्या बाटल्या फुटत. घरगुती बिअर म्हणजे हलका माल, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकली तिचे मूळ इथे आहे. माझ्या मते यात अर्कावर अन्यायच झाला, कारण दोष बराचसा साखरेचा आणि यीस्टचा होता.

१९३३ मध्ये दारूबंदी उठली. घरगुती वाइनला करमाफी मिळाली, बिअर मात्र सवलतीबाहेरच राहिली. ती उणीव १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने भरून काढली : एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त करता येऊ लागली. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली. केन ग्रॉसमन यांनी त्याआधीच, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातील चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान काढले होते. तिथूनच पुढे सिएरा नेवाडा ही ब्रुअरी उभी राहिली. अशा लहान ब्रुअरी वाढल्या तसा तऱ्हेतऱ्हेचा ताजा माल्ट बाजारात येऊ लागला, आणि ऑल-ग्रेनची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती त्या पुरवठ्यामुळे.

या वाटेवर करणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, ते मॅशच्या, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवण्याच्या, तासाभरात दिसते. भरडलेला माल्ट किलोमागे सुमारे तीन लिटर गरम पाण्यात कालवला की पहिल्यांदा पिठूळ, पांढुरके पाणी दिसते; हळूहळू ते पारदर्शक आणि गोड होत जाते, आणि सुरुवातीला आयोडिनच्या थेंबाने काळेनिळे होणारे पाणी शेवटी रंग बदलेनासे होते. माल्टमधल्या पिष्टाची साखर करून हे घडवणारा घटक पॅरिसमध्ये पायेन आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये वेगळा काढून त्याला डायस्टेज म्हटले. आज त्यात अल्फा आणि बीटा असे दोन अमायलेज एन्झाइम ओळखले जातात. मॅश ६३ अंश सेल्सियसला ठेवला तर बीटा अमायलेज भरपूर आंबणारी साखर देते आणि बिअर कोरडी होते; ६९ अंशांना ते लवकर निकामी होते, न आंबणारे डेक्स्ट्रिन जास्त उरतात आणि बिअरला भरीवपणा येतो. अर्कात हा निर्णय कारखान्यात आधीच होऊन गेलेला असतो. शिवाय द्रवरूप अर्क डब्यात महिनोन्‌महिने राहिला की गडद होत जातो, त्यामुळे अगदी फिकट बिअर त्यातून साधणे कठीण जाते.

तरीही लोक वर्षानुवर्षे अर्कावर थांबत ते मॅशच्या धास्तीपेक्षा भांड्यांमुळे. वीस लिटर बिअरसाठी तीन-साडेतीन किलो द्रवरूप अर्क पुरतो, तो आठ-दहा लिटर पाण्यात उकळून वरून थंड पाणी घालता येते, आणि एवढे काम घरातली शेगडी पेलते. धान्यापासून करायचे तर साडेचार-पाच किलो माल्ट, तो गाळायला जाळीचे भांडे, पंचवीस लिटरहून अधिक वॉर्ट, म्हणजे माल्टचे गोड पाणी, एकदम उकळेल असा बर्नर आणि तो झटपट थंड करायला तांब्याची गुंडाळी, एवढा पसारा लागतो. म्हणून सहलीचे थर्माकोलबंद कूलर मॅशसाठी वापरात आले. माल्टच्या टरफलांचा थर स्वतःच गाळणी होतो, पण भरड फार बारीक झाली तर तो थर घट्ट बसतो आणि वॉर्ट वाहायचा थांबतो.

हा पसारा सर्वांत जास्त कमी केला ऑस्ट्रेलियाने. २००० नंतरच्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी सगळा माल्ट मोठ्या कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात मॅश करण्याची, मग पिशवी उचलून चोथा निथळून त्याच पातेल्यात वॉर्ट उकळण्याची पद्धत रुळवली. पाणीटंचाईच्या काळात, थंड करण्यासाठी नळ सोडून ठेवण्याऐवजी उकळता वॉर्ट प्लास्टिकच्या कॅनमध्ये बंद करून आपोआप निवू देण्याची रीतही तिथेच रूढ झाली. अर्क मात्र ऑल-ग्रेन करणाऱ्यांच्या फडताळातून गेला नाही. मॅशमधून साखर कमी उतरली तर भर घालायला तो लागतो, आणि यीस्ट वाढवण्यासाठी एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कोरडा अर्क उकळून लहानसा वॉर्ट करणे आजही सर्वांत सोयीचे आहे.