लाड केले की हिरवं पडतं

इचेव्हेरिया या जाड, रसाळ पानांच्या झाडाचं 'पर्ल फॉन न्यूर्नबर्ग' हे हायब्रिड ज्यांनी आणलंय त्यांना माहितीये, येतं तेव्हा जांभळट-गुलाबी, अगदी कमळ उमलल्यासारखं असतं आणि घरात दोन महिने कौतुकाने ठेवलं की हिरवट, लांबुडकं होऊन बसतं. माझंही तेच झालं, मी वर खत पण घातलं, म्हणजे आणखीच हिरवं!

झाड आजारी नव्हतं हो, आरामात होतं. तो जांभळा रंग अँथोसायनिनचा, आणि झाड तो भरपूर बनवतं ते कडक ऊन, गार रात्री, कमी पाणी असा ताण पडला की. क्लोरोफिलला झेपेल त्याहून जास्त ऊन आलं की हा रंग त्यातलं थोडं वरच्यावर अडवतो, थोडक्यात सनस्क्रीन. सावलीत सनस्क्रीन कोण लावतं? उलट उजेड शोधत खोड लांबतं, आणि लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, शेंडा कापून नवीन लावायचा. पण म्हणून एकदम भर उन्हात नेऊ नका, पानं भाजतात, रोज थोडं थोडं ऊन वाढवा. पानावरची पांढरी भुकटी धूळ समजून पुसू नका, ते मेण आहे, तेही उन्हापासून वाचवतं. मी एकदा बोट फिरवलं, तो ठसा पान वाळेपर्यंत तसाच होता.

पाण्याचं गणित पानफुटीसारखंच, एकाच कुळातली ना. दिवसा पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) बंद, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि मॅलिक आम्ल करून साठवायचा. वनस्पतीशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात पानफुटीचं पान चावून पाहिलं होतं, सकाळी आंबट, दुपारी बेचव (रात्री साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं ना), त्यांचं ते टिपण १८१५ साली छापून आलं. म्हणजे पाणी वाचवणं झाडाच्या रक्तातच आहे, आपण रोज ओतलं की मुळं सडणारच. माती पूर्ण सुकली की मगच द्या.

नवी रोपं मात्र बीपासून नको, पानापासून करा, हायब्रिडच्या बीतून आईसारखंच येईल याचा भरवसा नाही. पान देठापासून पूर्ण निघालं पाहिजे, तुटकं चालत नाही. कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं, काही आठवड्यांत गुलाबी मुळं आणि नखाएवढं पिल्लू दिसतं. जुनं पान सुरकुतत जातं, ते ओढून काढू नका, पिल्लू अजून त्यातलंच पाणी पितंय.