रिपीटरसाठी दिशिक अँटेना

हौशी रेडिओच्या रिपीटरवर (आलेला संकेत त्याच वेळी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) सहसा चहूकडे सारखा प्रसार करणारी अँटेना असते. दिशिक, म्हणजे ठरावीक बाजूला जास्त प्रसार करणारी, अँटेना लागते ती रिपीटर सेवाक्षेत्राच्या कडेला असला तर, पाठीशी डोंगर किंवा समुद्र असला तर, नाहीतर त्याच वारंवारतेवरच्या दुसऱ्या रिपीटरला त्रास टाळायचा असला तर. म्हणून संदेश कुठे पोचू द्यायचा नाही, हे आधी नकाशावर ठरवावे. गेनचा, म्हणजे अँटेना त्या दिशेला संकेत किती वाढवते त्याचा, आकडा नंतर पाहावा.

तो आकडा डीबीआयमध्ये (सर्व दिशांना सारखा प्रसार करणाऱ्या काल्पनिक अँटेनेच्या तुलनेत) दिला असेल तर डीबीडीपेक्षा (साध्या डायपोल अँटेनेच्या तुलनेत) 2.15 ने मोठा दिसतो. तीन घटकांच्या यागीला (एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या धातूच्या कांड्यांच्या अँटेनेला) सुमारे 6 डीबीडी गेन मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तेवढा पुरतो. लांब यागीची शलाका इतकी अरुंद होते की बाजूची गावे सुटतात. दीडशे-दोनशे अंशांचा पट्टा हवा असल्यास खांबापासून पाव तरंगलांबीवर (145 मेगाहर्ट्‌झला सुमारे 52 सेंमी) बसवलेला फोल्डेड डायपोल (दुमडून बंद केलेल्या नळीची साधी अँटेना) बरा.

गाडीतले व हातातले संच उभ्या ध्रुवीकरणाचे (लहरीचे विद्युत क्षेत्र उभे असणारे) असल्याने यागीचे घटकही उभे ठेवावे लागतात. अशी यागी धातूच्या खांबाला मधोमध पकडली तर खांब घटकांना समांतर येतो आणि प्रसाराचा आकार बिघडतो. परावर्तकामागे (सर्वांत मागच्या घटकामागे) वाढवलेल्या बूमला (घटक धरणाऱ्या दांड्याला) पकड द्यावी, किंवा आडव्या हाताने अँटेना खांबापासून दूर न्यावी.

खरी कसोटी मात्र एकाच वेळी प्रक्षेपण व ग्रहण करण्याची. 2 मीटर पट्ट्यात (145 मेगाहर्ट्झच्या आसपास) या दोन्हींच्या वारंवारतांत बहुधा 600 किलोहर्ट्‌झचेच अंतर असते. 50 वॅटचे प्रक्षेपण आणि 0.2 मायक्रोव्होल्टचा ग्रहण-संकेत यांत सुमारे 168 डेसिबलचा फरक पडतो. घटकांचे सैल स्क्रू, गंजलेले सांधे, तांबे व अ‍ॅल्युमिनियमचा थेट स्पर्श यांतून निघणारा गोंगाट नेमका ग्रहणाच्या वारंवारतेवरही पडतो. तो डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनेवर प्रक्षेपण व ग्रहण वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरच्या) पुढे, अँटेनेकडे तयार होत असल्याने डुप्लेक्सर त्याला अडवू शकत नाही. घरी उत्तम चालणारी स्वस्त यागी रिपीटरवर नापास होते ती इथेच. वेल्ड केलेले घटक आणि डीसी-ग्राउंड (सर्व घटक थेट जमिनीशी जोडलेली) रचना निवडावी. केबल नालीदार तांब्याच्या आवरणाची घ्यावी; फॉइल व जाळीच्या दुहेरी आवरणाची केबल हाच गोंगाट करते. केबलच्या टोकाच्या एन कनेक्टरवर पाणी शिरू नये म्हणून स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळावी.

एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप; 1 म्हणजे आदर्श) 1.2 दिसला तरी गोंगाटाचा हा दोष असू शकतो. क्षीण संकेत कपलरमधून (अँटेनेच्या केबलमध्ये थोडासा संकेत मिसळणाऱ्या साधनातून) सोडून प्रक्षेपक चालू-बंद करावा; प्रक्षेपण सुरू होताच संकेत खरखरतो का, ते ऐकावे. मग अँटेनेच्या जागी केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड (शक्ती प्रसारित न करता उष्णतेत जिरवणारा भार) लावून तीच चाचणी घ्यावी. खरखर थांबली तर दोष अँटेनेत. राहिली तर केबल, डुप्लेक्सर किंवा त्यामागचे सांधे तपासावेत. वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणारी खरखर बहुतेकदा सैल सांध्याची असते.