सत्तरीपुढचे आईवडील: वय वंदना कार्ड, मेडिक्लेम आणि घरच्या देखभालीचा खर्च

पक्षाघातानंतर माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. ब्युरोकडून आणलेल्या मावशी, डायपर, भाड्याची कॉट, फिजिओथेरपी. हे सगळं विम्यातून निघेल असं पुष्कळांना वाटतं. निघत नाही. पॉलिसीला जोडलेली न मिळणाऱ्या खर्चांची यादी एकदा उघडून बघा: कुठल्याही प्रकारचे डायपर, अटेंडंटचे पैसे, खासगी नर्स, चालण्याची साधनं, हॉस्पिटलबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलिंडर. जर्मनीत 1995 पासून आणि जपानमध्ये 2000 पासून देखभालीचा वेगळा सरकारी विमा आहे. आपल्याकडे तसा नाही. म्हणून हॉस्पिटलचा भाग विम्यावर टाकायचा आणि घरच्या देखभालीसाठी पैसे वेगळे राखायचे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयुष्मान वय वंदना कार्ड

हे केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतलं मोफत उपचारांचं कार्ड. वय 70 पूर्ण असलं की पुरे. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्ड लागत नाही, हप्ता नाही. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात दोघे सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते.

कागदपत्र एकच: आधार. अर्ज आयुष्मान ॲपवर किंवा योजनेच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतो. शंका असल्यास 14555 वर फोन करा. अडतं ते ओटीपीवर, कारण आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा केव्हाच बंद पडलेला असतो. बोटांचे ठसे वयामुळे झिजलेले असतात, तेव्हा मशीन घेत नाही म्हणून माघारी फिरू नका, डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवायला सांगा. नंबर बदलायचा तर आधार केंद्र. आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील तर पोस्टात चौकशी करा, कारण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन हे काम करतात. आणि हे सगळं दुखणं येण्याआधी उरकून ठेवा.

या कार्डावर ओपीडी नाही, आणि डिस्चार्जनंतरचा खर्च फक्त 15 दिवसांपर्यंतचा.

मेडिक्लेम घ्यायचं का?

ठरलेलं हॉस्पिटल सरकारी योजनेत नसेल तर घ्या. एप्रिल 2024 पासून 65 वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही अडचण उरलेली नाही. हप्ता जड असतो, हे खरं. आधार, पॅन, फोटो आणि जुने रिपोर्ट लागतात, वय पाहून तपासण्याही सांगतात. बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी अर्जात लिहाच. एजंट ‘राहू द्या हो’ म्हणाला तरी लिहा. क्लेम नाकारला जातो तेव्हा तो समोर नसतो. जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा वाटा, किती ते विचारा: 20 टक्के असेल तर 3 लाखांच्या बिलात 60 हजार तुमचे.

‘घरी उपचार’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. रुग्णाला हलवणं शक्य नसेल किंवा हॉस्पिटलात जागा नसेल, तर एरवी भरती करूनच द्यावे लागणारे उपचार घरी दिल्याचे पैसे त्यात मिळतात. रोज अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं यात बसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी मात्र डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांत मिळू शकते, तेव्हा चिठ्ठी आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत परत करता येते, त्या मुदतीत ती वाचून काढा.

देखभालीचे पैसे

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. मावशींचा पगार त्यातून निघतो का, हे आपल्या गावातल्या ब्युरोचा 12 तासांचा आणि 24 तासांचा दर विचारून आजच मांडून बघा. खात्यावर वारसाची नोंद करा. आईवडील स्वतः बँकेत जाऊ शकतात तोवरच एखादं खातं मुलाबरोबर संयुक्त करून घ्या, नाहीतर पैसे असूनही काढता येत नाहीत.