शाकुहाची सहवादन : आधुनिक रचना

शाकुहाची ही जपानमधील उभी बासरी माडाके जातीच्या बांबूच्या मुळाकडील भागातून घडवतात. प्रमाणित बासरीची लांबी जपानी मापांत एक शाकू आठ सून (दहा सूनांचा एक शाकू), म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर असते आणि या मापावरूनच वाद्याला नाव मिळाले. दोन शाकुहाची एकत्र वाजताना ऐकल्या की आपल्याला जुगलबंदी आठवते; पण त्यांच्या आधुनिक रचना बहुतांशी लिपिबद्ध, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या, असल्याने त्यांना जुगलबंदी म्हणणे योग्य ठरत नाही.

परंपरेत हे वाद्य मुख्यतः एकट्याने वाजवण्याचे, फुके या झेन बौद्ध पंथाच्या ‘कोमुसो’ म्हणवणाऱ्या भिक्षूंचे. तरीही किन्को घराण्याच्या ‘शिका नो तोने’ या रचनेत दोन बासऱ्या हरणांप्रमाणे एकमेकींना दुरून साद घालतात. १८७१ मध्ये फुके पंथ बंद करण्यात आल्यावर शाकुहाची मैफलीकडे वळली. १८९६ मध्ये ओसाका येथे स्वतःचे घराणे स्थापन करणाऱ्या नाकाओ तोझान यांनी पाश्चात्त्य संगीताचा प्रभाव स्वीकारून एकाहून अधिक बासऱ्यांसाठी रचना केल्या.

रचनाकाराची कसोटी लागते ती नादाच्या पोतात. छिद्रे पाचच असल्याने मधले स्वर छिद्र अर्धवट झाकून आणि हनुवटी खाली घेऊन काढावे लागतात. या ‘मेरी’ स्वरांचा नाद हलका, झाकोळलेला असतो. त्याच क्षणी दुसऱ्या बासरीला मोकळा, खणखणीत स्वर दिला, तर पहिली त्याखाली बुडून जाते आणि कागदावर निर्दोष दिसणारी सुरावट मैफलीत अर्धीच पोहोचते. याउलट दोघांना एकाच स्वरावर आणून एकाला किंचित उतरवले, म्हणजे ४४० हर्ट्झच्या स्वराशेजारी ४३७ हर्ट्झचा स्वर ठेवला, की सेकंदाला तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात, आणि वादक हनुवटीच्या सूक्ष्म हालचालीने त्यांची गती बदलत नेऊ शकतो. पियानोवर बसून सुचणाऱ्या स्वरमेळापेक्षा हा मेळ या वाद्याला कितीतरी अधिक शोभतो.

बासऱ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतील, तर लेखन आणखी जपून करावे लागते. पारंपरिक लिपीतील चिन्हे बोटांची ठेवण सांगतात. त्यामुळे दोघांच्या कागदावर ‘रो’ (सर्व छिद्रे बंद) हेच चिन्ह असूनही १.८ शाकूच्या बासरीतून निघणाऱ्या स्वरापेक्षा २.४ शाकूच्या बासरीचा स्वर शुद्ध मध्यमाच्या अंतराने खाली उमटतो.

वाक्याची लांबी मात्र दोन्ही बासऱ्यांत श्वासच ठरवतो. म्हणून दोघांचे श्वास एकाच वेळी संपू न देता, पहिल्याची फुंकर विरत असताना दुसऱ्याचा स्वर त्याच उंचीवर अलगद सुरू होईल, अशी मांडणी केली जाते.