‘चक-चक’ गिटारची कुळकथा

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ साली बाजारात आली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत टिपणारे चुंबक होते आणि ते निवडायला एक छोटी कळ. कळीला खाचा तीन. पुढचा, मधला किंवा मागचा, एका वेळी एकच पिकअप चालू ठेवायचा, एवढाच कंपनीचा हिशेब. पण वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की कळ दोन खाचांच्या मधोमध अडकवली की शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात, आणि निघणारा आवाज त्या दोघांपैकी कुणाचाच नसतो. मधला जाडपणा निघून गेलेला, काचेसारखा लखलखीत, किंचित नाकातून आल्यासारखा. कळ जागेवर राहावी म्हणून लोक फटीत काडी खुपसायचे. कंपनीने पाच खाचांची कळ दिली ती १९७७ साली, डिस्को ऐन भरात असताना.

फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं नाचाचं अमेरिकन संगीत. आज कुणी ‘तो फंकवाला आवाज कसा काढायचा?’ असं विचारलं की उत्तरात ही कळ येते, मग लहानमोठे आवाज एका पातळीत आणणारा कॉम्प्रेसर येतो, मग अमुक अ‍ॅम्प, तमुक पेडल. खरेदीची यादीच हातात पडते. यादी चुकीची नाही, पण ती उलट्या टोकाने वाचली जाते. त्यातली बहुतेक साधनं एका जुन्या अडचणीतून जवळ केली गेली: ड्रम, बास, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि गायक यांच्या गर्दीत गिटारने उभं कुठे राहायचं? जागा मिळाली ती अंग चोरून. आधी तिने तारांचं गुंजणं सोडलं, मग खर्ज सोडला, शेवटी अ‍ॅम्पसुद्धा सोडला.

सुरुवात साधारणपणे १९६५च्या फेब्रुवारीपासून धरतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावच्या एका स्टुडिओत गायक जेम्स ब्राऊनने ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ ध्वनिमुद्रित केलं. गिटारवर होता जिमी नोलेन, मूळचा ओक्लाहोमाचा, ब्लूजमध्ये मुरलेला, जॉनी ओटिसच्या बँडमधून तयार होऊन आलेला. ब्राऊनच्या डोक्यात त्या काळी एक वेगळंच गणित शिजत होतं. बँडमधल्या प्रत्येक वाद्याने ड्रमसारखं वागायचं, आणि सगळ्यांनी सम पकडून राहायचं. सम हा शब्द आपला. तो नुसतं ‘द वन’ म्हणायचा. ब्रास तुटक किंचाळायचे, बास अधूनमधून उसळी मारायचा. उरलेल्या फटींत नोलेनला बसायचं होतं.

त्याने काय केलं? नाइन्थ कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ) आकार वरच्या बारीक तारांवर धरला आणि डाव्या हाताची बोटं दाबण्याऐवजी बहुतेक वेळ नुसती टेकवून ठेवली. उजवा हात मात्र थांबायचा नाही. एका मात्रेचे चार भाग, चार मात्रांचे सोळा, आणि घड्याळाच्या लंबकासारखा हात खाली-वर चालूच. डाव्या हाताने ज्या क्षणी दाब दिला त्या क्षणी कॉर्ड बोलला. बोटं सैल केली की लगेच मेला. बाकीच्या फटकाऱ्यांतून फक्त ‘चक’ उमटतं. कोंबडी नखांनी माती उकरते तसा हा आवाज, म्हणून याला नाव पडलं ‘चिकन स्क्रॅच’.

तबला ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘ना’ खुला, ‘ते’ बंद. आणि ठेका जिवंत राहतो तो बंद बोलांमुळेच. नोलेनने गिटारला बंद बोल शिकवले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा शोध हा एवढाच आहे. पुढचं सगळं त्या शोधाला साजेसं सामान.

आणि इथेच खरेदीच्या यादीची पंचाईत होते. नोलेनच्या हातात पातळ, टोकदार आवाजाची स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, नव्हती. तो वाजवायचा गिब्सनची पोकळ अंगाची, जॅझवाल्यांच्या पसंतीची गिटार. तरी आवाज कोरडा, कारण कोरडेपणा बोटांत होता. एक गंमत मात्र यंत्राने केली: मूळ मुद्रण संथ होतं, आणि रेकॉर्ड बाजारात आणताना टेपचा वेग वाढवण्यात आला. वेगासोबत पट्टी चढली आणि गिटारची धारही चढली. मूळ वेगातलं मुद्रण बरंच नंतर, १९९१ साली प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ ऐकली तर फरक ताबडतोब कळतो.

१९६७च्या ‘कोल्ड स्वेट’पर्यंत ब्राऊनच्या गाण्यांतून कॉर्ड जवळजवळ नाहीसे झाले होते. मिनिटामागून मिनिटं एकाच कॉर्डवर जायची. हार्मनी जागची हलत नसली की श्रोत्याला धरून ठेवायचं काम लयीवर येतं, आणि गिटारचं बारीक कोरीवकाम अशा वेळी उठून दिसतं. नोलेनच्या जोडीला अल्फोन्सो केलम असायचा. एकाने कॉर्ड तोडायचा, दुसऱ्याने एकेका तारेवर छोटी आकृती फिरवत राहायची. १९७० साली जुना बँड सोडून गेला तेव्हा सिनसिनाटीहून आलेली पोरं उभी करण्यात आली. त्यातला कॅटफिश कॉलिन्स ‘सेक्स मशीन’मध्ये जे वाजवतो ते सुरांत मोजलं तर काहीच नाही. तेच पाच मिनिटं न ढळता वाजवून पाहा, मनगट सांगेल.

डेट्रॉइटमध्ये दुसरंच चाललं होतं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओ ‘ए’ला वादक ‘स्नेकपिट’ म्हणत, इतका तो दाटीवाटीचा. रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना असे तीन गिटारवाले एकाच खोलीत, ड्रमच्या शेजारी. प्रत्येकाचा अ‍ॅम्प लावला असता तर सगळ्या माइकमध्ये सगळंच शिरलं असतं. म्हणून गिटार अ‍ॅम्पला न जोडता थेट मिक्सरला जोडायची. याचा आवाजावर मोठा परिणाम होतो. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर वरच्या कंप्रता फारशा बाहेर सोडत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झनंतर तो हात आखडतो. तो मधून काढला की तारेवर पिक घासल्याची खसखस शाबूत राहते. आज ज्याला ‘स्टुडिओवाला स्वच्छ आवाज’ म्हणतात त्याचं बरंचसं मूळ या अडगळीच्या खोलीत आहे. मेसिनाचं मुख्य काम होतं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टेलिकास्टरने (फेंडरचीच आणखी एक गिटार) स्नेअर ड्रमच्या जोडीने ‘चक्’ करणं. उत्तम जॅझ वाजवणारा माणूस हे वर्षानुवर्षं करत राहिला.

वाह पेडल, म्हणजे पायाने हलवून आवाज ‘वाह-वाह’ असा उघडमिट करणारी डबी, तिच्याबद्दल इथे थोडक्यातच. १९७१च्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गाण्यात चार्ल्स ‘स्किप’ पिट्सने तारा बंद धरल्या आणि नुसता पाय हलवत राहिला. सूर नाहीच, फक्त ‘वका-चका’. मग दहा वर्षं प्रत्येक चित्रपटातल्या प्रत्येक पाठलागात तेच ऐकावं लागलं. त्यात पिट्सचा दोष नाही.

डिस्कोने जागेचा प्रश्न आणखी बिकट केला. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत १९७३च्या सुमारास ड्रमवादक अर्ल यंगने चारही मात्रांवर बास ड्रम आणि त्यावर सतत फुत्कारणारी हाय-हॅट (झांजांची जोडी) अशी घडी बसवली. वर व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, कोरस. खाली डान्स क्लबातले अजस्र स्पीकर, म्हणजे खर्जाची मालकी बास ड्रम आणि बास गिटारकडे. आता जाड सहाव्या-पाचव्या तारेवर कॉर्ड वाजवला तर तो बासच्या पायात पाय घालणार. गिटारकडे उरली ती वरच्या तीन-चार तारांची पट्टी, हाय-हॅटच्या शेजारची. एकेकटी ऐकली तर डिस्कोची गिटार पोरकी, कुडमुडी वाटते. ती एकटी ऐकण्यासाठी नाहीच.

या पट्टीत घर बांधलं ते नाइल रॉजर्सने. न्यूयॉर्कचा, १९५२चा जन्म, जॅझची तालीम झालेला, हातात बार्नी केसेल नावाची भरदार गिब्सन. बासवादक बर्नार्ड एडवर्ड्स त्याच्या मागे लागला की ही गिटार आपल्या कामाची नाही, स्ट्रॅट घे. मायामी बीचला गेले असताना रॉजर्सने गिब्सन देऊन एक जुनी स्ट्रॅट घेतली, आणि अदलाबदलीत दुकानदाराने वर त्यालाच तीनशे डॉलर दिले. म्हणजे बाजाराच्या लेखी स्ट्रॅट स्वस्तातली. अंग १९६०चं, मान १९५९ची, वजनाला हलकी. पुढे हिचं नाव पडलं ‘हिटमेकर’. ‘चकिंग’ ही उजव्या हाताची न थांबणारी शैलीसुद्धा एडवर्ड्सनेच आपल्याला दाखवली, असं रॉजर्स सांगत आला आहे.

दोघांच्या ‘शिक’ बँडने १९७८ साली ‘ल फ्रीक’ आणि १९७९ साली ‘गुड टाइम्स’ दिलं. ‘गुड टाइम्स’मध्ये कॉर्ड दोनच, ई मायनर सेव्हन आणि ए थर्टीन्थ. पण रॉजर्स कॉर्ड अखंड वाजवतच नाही. मूळ स्वर बासकडे सोपवलेला असतो, म्हणून तो वरचे तीन स्वर उचलतो, ते उलटेपालटे करतो, मधूनच एखादी तार दाबतो-सोडतो. जॅझची विद्या वाया गेली नाही, फक्त तिचे सूर चुटकीएवढे झाले. गिटार बहुधा थेट मिक्सरमध्ये. न्यूयॉर्कचा पॉवर स्टेशन स्टुडिओ, पूर्वीचं वीज केंद्र, हे त्यांचं घर झालं.

कॉम्प्रेसरचं कोडं इथे सुटतं. सोळा फटकाऱ्यांत चार-पाच कॉर्ड आणि बाकी बंद बोल असतील तर त्यांच्या जोरात खूप तफावत पडते. व्हायोलिनांच्या मागे हलके फटकारे बुडतात. स्टुडिओत १९६७पासून मिळणाऱ्या ‘११७६’ नावाच्या कॉम्प्रेसरसारख्या यंत्राने, आणि पुढे सत्तरच्या दशकात एमएक्सआरच्या डायना कॉम्पसारख्या पायाखालच्या डबीने, मोठे फटके आवरता आले आणि छोटे वर उचलता आले. पण डबी फार पिळली की ‘चक’ आणि कॉर्ड सारख्याच मोठ्या आवाजात येतात आणि ताल सपाट होतो. नव्या मंडळींची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते; बंद बोल कॉर्डपेक्षा हलका ऐकू आलाच पाहिजे.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. पाठोपाठ ‘डिस्को’ हा शब्दच अमेरिकेत अवघड झाला. आपल्याकडे तो त्याच सुमारास उतरला. १९८०च्या ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ बिद्दूने लंडनमध्ये घडवलं, आणि १९८२ला ‘डिस्को डान्सर’ आला. जे तिकडे जळत होतं त्यावर इकडे लग्नाच्या वराती नाचू लागल्या. गिटारला मात्र नावाशी देणंघेणं नव्हतं. १९८३ साली डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’मध्ये रॉजर्सच, तीच पद्धत; आणि २०१३च्या, डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘गेट लकी’तही. दुकानदाराने वर पैसे देऊन जी गिटार गळ्यात मारली होती, तिची हुबेहूब प्रतिकृती फेंडरने २०१४ साली रॉजर्सच्या नावाने विकायला काढली.