बूस्ट वाढवला, आता प्लगची गॅप बघा

चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला की रिमॅप केलेली (इंजिनाच्या संगणकाचे सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) टर्बो पेट्रोल गाडी झटके देते, मिसिंग मारते. सपाटीवर मात्र तीच गाडी अगदी गुळगुळीत चालते. अशा वेळी पुष्कळ जण थेट नव्या कॉइल (स्पार्क प्लगला उच्च व्होल्टेज देणारा भाग) आणतात. त्याआधी प्लग काढून गॅप, म्हणजे त्याच्या टोकावरच्या दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, मोजा, खर्च वाचण्याची शक्यता बरीच आहे.

दोन इलेक्ट्रोडमधली हवा फोडून ठिणगी पाडायला किती व्होल्टेज लागेल, हे हवेचा दाब आणि गॅप यांच्या गुणाकारावर ठरते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम मांडला. ट्यूनिंगमध्ये बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढतो, म्हणजे ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबलेली असते. कॉइलची ताकद मात्र पूर्वीइतकीच. मग चढावर, पूर्ण बूस्टला ठिणगी पडतच नाही, किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर सिलिंडर हेडकडे (इंजिनाचा वरचा धातूचा भाग) उडी मारते.

म्हणून मूळ गॅप ०.८ ते १.० मिमी असेल, तर ट्यून केलेल्या गाडीत साधारण ०.६ ते ०.७ ठेवतात. ट्यूनरने आकडा दिला असेल तर तोच पाळा. फार खालीही जाऊ नका. गॅप अगदी बारीक झाली की इलेक्ट्रोडच कोवळ्या ज्योतीची उष्णता शोषून घेतात आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन थरथरते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. प्लगचे टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिले तर काजळी जळून जाते; ८००–८५० च्या पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकते, आणि त्यात पिस्टन वितळतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. बूस्ट बऱ्यापैकी वाढवला असेल तर एक पायरी थंड (टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्यावा. त्याने ताकद वाढत नाही, पण इंजिन वाचते. खरेदीत एक फसगत नेहमी होते: एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकात आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमके उलटे.

काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढून काढला तर आटेच सोबत येतात. कॉइलचे कनेक्टर सोडवा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. आता प्लग सैल करण्याआधी तो बसतो तो खड्डा हवेने साफ करा. इकडच्या धुळीत आणि जिनिंगच्या कापूस-कणांत ही पायरी टाळायची नाही, कारण प्लग निघाला की तिथला प्रत्येक कण सिलिंडरात पडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

लांब एक्स्टेंशन आणि चुंबकाचे प्लग सॉकेट लागते. सॉकेटची मापे बहुधा १६ किंवा १४ मिमी. नव्या प्लगची गॅप वायर गेजने मोजा, आणि ती बदलायची तर फक्त बाहेरची पट्टी हळूच वाकवा. मधल्या इरिडियमच्या बारीक टोकावर जोर पडला तर ते तुटते. खोक्यावर ‘गॅप तयार’ लिहिलेले असले तरी मोजाच.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. एक्स्टेंशन बोटांनी फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत अडकले तर आटे तिरके चढलेत, उलट फिरवून पुन्हा सुरुवात करा. शेवटी टॉर्क पाना: १४ मिमी आट्यांच्या, वाशरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमी आट्यांच्या प्लगला १५ ते २०, मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो खरा. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस कॉइलच्या रबरी बूटच्या आत, तेही किंचित.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी रंग चांगला, कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चकाकते कण दिसले तर नॉकिंगने (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटल्याने) पिस्टन झिजतोय. ट्यून सौम्य होईपर्यंत जोर लावू नका. चारांपैकी एकच प्लग तेलाने ओला निघाला, तर नवा प्लग टाकण्याआधी त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या.