अब्रुनुकसानीच्या दाव्यातील अर्ज : ज्यूरीपासून निशाणी ५ पर्यंत

अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्यात वादीला शेवटी नुकसानभरपाई मिळो वा न मिळो, मजकूर लोकांपर्यंत जाणार की नाही याचा निकाल बहुधा त्याआधीच, एखाद्या अंतरिम अर्जावर लागलेला असतो. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत तूर्तातूर्त (दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या) मनाईचा अर्ज 'निशाणी ५' म्हणून ओळखला जातो, आणि वकिलांची खरी तयारी पुष्कळदा याच निशाणीवर खर्ची पडते. अशा अर्जांचा निर्णय करताना न्यायालये जे निकष लावतात, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा निकष मात्र अशा व्यवस्थेत घडला, जिथे अंतिम निर्णय न्यायाधीशाच्या हाती नव्हताच.

इंग्लंडमध्ये बदनामीच्या फौजदारी खटल्यांत मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने ज्यूरीकडे निःसंदिग्धपणे सोपवला. १८७० च्या दशकातील न्यायव्यवस्थेच्या पुनर्रचनेनंतर उच्च न्यायालयाच्या सर्व शाखांना मनाई हुकूम देता येऊ लागला, तेव्हा प्रश्न उभा राहिला की, जो मुद्दा ज्यूरीने ठरवायचा, त्यावर एकटा न्यायाधीश सुनावणीआधीच मजकूर कसा रोखणार? १८९१ मध्ये 'बोनार्ड विरुद्ध पेरीमन' या प्रकरणात अपील न्यायालयाने याचे उत्तर दिले. प्रतिवादी आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करू म्हणत असेल, तर ते खोटे असल्याचे अगदी उघड असल्याखेरीज अंतरिम मनाई देऊ नये, असे ते उत्तर होते. मालमत्तेच्या वादात मनाईने कोणाची गैरसोय अधिक होईल हे पाहणारा सोयी-गैरसोयीचा तराजू चालतो, पण तोच तराजू येथे पुरेसा मानला गेला नाही, हे या निर्णयाचे वेगळेपण.

भारतात १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली ती सर्वच दाव्यांसाठी. अब्रुनुकसानीसाठी तिच्यात स्वतंत्र प्रकरण नाही. तरीही कलम १९ खालील एका उदाहरणात हाच विषय येतो : दिल्लीत राहणाऱ्याने कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला, तर दावा यांपैकी कोणत्याही ठिकाणी लावता येतो. मजकूर छापील असण्याच्या काळातले हे उदाहरण आज संकेतस्थळावरील मजकुराला लावताना वादीला सोयीचे ठिकाण निवडण्याची वाट फार रुंद होते, आणि म्हणूनच अधिकारक्षेत्राची हरकत हा प्रतिवादीचा नेहमीचा पहिला अर्ज ठरतो.

दुसरा अर्ज वादपत्र, म्हणजे वादीने दाखल केलेला मूळ कागदच, फेटाळण्याचा; संहितेतील तरतुदीवरून वकिलांच्या बोलण्यातला 'ऑर्डर सेव्हन रूल इलेव्हन'. १९६३ च्या मुदत कायद्याने अब्रुनुकसानीच्या दाव्याला फक्त एका वर्षाची मुदत दिली आहे, त्यामुळे मुदतबाह्यतेचा मुद्दा येथे वारंवार निघतो. मात्र या अर्जावर न्यायालय केवळ वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे पाहते. विधान खरे होते, लोकहिताचे होते, हा प्रतिवादीचा बचाव त्या टप्प्यावर विचारातच घेतला जात नाही. तोच बचाव निशाणी ५ च्या सुनावणीत मात्र मध्यवर्ती असतो. एकाच दाव्यात, कधी एकाच दिवशी, न्यायाधीशाने एका अर्जापुरते जे डोळ्यांआड करायचे तेच दुसऱ्या अर्जासाठी बारकाईने वाचायचे, ही कसरत वाटते तितकी सोपी नाही. एका वर्षाच्या मुदतीची सावली वादपत्राच्या दुरुस्तीवरही पडते : जुन्या प्रकाशनातील, वादपत्रात आधी न घेतलेली वाक्ये वर्ष उलटल्यावर दुरुस्तीच्या मार्गाने दाव्यात आणू देण्यास न्यायालये सहसा राजी नसतात.

अर्जांच्या गर्दीने दावे रेंगाळतात ही तक्रार जुनीच आहे. संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीने एकतर्फी, म्हणजे दुसऱ्या बाजूला न ऐकता, मनाई दिल्यास ३० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले, तर २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी प्रतिवादीच्या कैफियतीची (लेखी उत्तराची) मुदत, तहकुबींची संख्या आणि वादपत्रातील दुरुस्ती यांवर लगाम आणला. पण 'अंतरिम' हा शब्द किती ताणला जाऊ शकतो ते मनेका गांधी आणि खुशवंतसिंग यांच्या प्रकरणात दिसले. १९९५ च्या दाव्यात खुशवंतसिंग यांच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाला लागलेली अंतरिम मनाई दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उठवली ती २००१ मध्ये. इतक्या वर्षांत दाव्याच्या गुणवत्तेवर निर्णय झालेला नव्हता. पुस्तक मात्र अडूनच होते.

इतरत्र उपाय वेगळे निघाले. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये, टीकाकाराला गप्प करण्यासाठी लावलेले दावे सुरुवातीलाच काढून टाकण्यासाठी खास अर्जाची सोय केली. तो दाव्याची बजावणी झाल्यापासून साधारणपणे ६० दिवसांत करायचा, तो प्रलंबित असेपर्यंत कागदपत्रांच्या मागण्या थांबतात, आणि तो जिंकणाऱ्या प्रतिवादीला वकिलाचा खर्च मिळतो. इंग्लंडच्या २०१३ च्या बदनामीविषयक कायद्याने अब्रुनुकसानीच्या दाव्यांतील ज्यूरीचा सर्वसाधारण हक्क संपवला. परिणामी शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायाधीश आता सुरुवातीलाच प्राथमिक मुद्दा म्हणून सोडवू शकतो. माझ्या मते दैनंदिन कामकाजावर याचा परिणाम सर्वांत खोल झाला, कारण अर्थ एकदा ठरला की पुढचे अर्धे अर्ज निरर्थक होतात.

भारतात टीकाकारांना गप्प करणाऱ्या दाव्यांविरुद्ध असा स्वतंत्र कायदा नाही. येथे भार १८९१ च्या त्या निकषावरच आहे. १ मार्च २०२४ रोजी दिल्लीच्या एका जिल्हा न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेला झी एंटरटेनमेंट या कंपनीविषयीचा लेख एकतर्फी आदेशाने काढायला लावला आणि उच्च न्यायालयाने १४ मार्चला तो आदेश कायम ठेवला. २२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द करताना बोनार्डचा निकष पुढे केला, आणि मनाईच्या कसोट्यांची केवळ नावे घेऊन भागत नाही, त्या या प्रकरणात कशा पूर्ण झाल्या ते आदेशात दिसले पाहिजे, असे बजावले. मनाई नव्याने मागण्याची मोकळीक वादीला देऊन प्रकरण पुन्हा त्याच जिल्हा न्यायालयात, अंतरिम अर्जाच्या टप्प्यावर पाठवण्यात आले.